सुकती पाखरांची, भरती आपली

गोव्यात मांडवीच्या पात्रात चोडण बेट आहे. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने पलीकडे उतरलं की लगेच डॉ. सालीम अली पक्षी अभयारण्य लागतं. १९८८ साली संरक्षित झालेलं हे कांदळवन जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं. इतक्या लहान जागेत एका माणसाची चूकही मोठी ठरते, हे मी तिथेच शिकले.

डिसेंबरातली सकाळ होती. भरती-ओहोटीची वेळ न बघता गेले आणि नेमकी सुकती गाठली. ओहोळ आटलेले, होडी चालणं शक्यच नव्हतं. होडीवाले काका म्हणाले, "दुपारी पाणी चढलं की नेतो." मला धीर नव्हता. चिखलावर निवटी उड्या मारत होती, तिचा फोटो हवा होता. फरसबंद वाट सोडून मी खाली उतरले.

दहा पावलांत गुडघ्यापर्यंत रुतले. समोर टिपत असलेले तुतवार ओरडत उडाले, पार पलीकडच्या काठाला गेले. पायाखाली काहीतरी कटाकट मोडत होतं. काकांनी फळी टाकून मला बाहेर काढलं. रागावले नाहीत. बोटभर लांबीचं मोडकं मूळ माझ्या हातावर ठेवलं. आतून ते स्पंजासारखं भुसभुशीत होतं. "ताई, तिवर ह्यातून श्वास घेतं," एवढंच म्हणाले.

कांदळवनाच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून तिवराची ही श्वासमुळं जमिनीतून ताठ वर येतात. आणि सुकतीला उघडा पडणारा चिखल हे तुतवारांचं ताट. हिमालयातून, त्याच्याही उत्तरेकडून आलेल्या या पाखरांना मी भरल्या ताटावरून उठवलं होतं.

म्हणून कळकळीने सांगते. निघण्याआधी भरतीची वेळ काढा. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: पक्षातल्या तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा; पुढे सहा तासांनी सुकती. भरतीला होडीतून फिरा. सुकतीला वाटेवरच थांबा आणि दुर्बीण वापरा. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका. मळकट रंगाचे कपडे घाला, नेलेला कचरा परतीच्या फेरीबोटीतून घेऊन या. टिपणाऱ्या पक्ष्याने खाणं थांबवून मान वर केली, तर तुम्ही फार जवळ गेलात. तिथेच थांबा, हळूच मागे या.

पुढच्या हिवाळ्यात तिथी बघून गेले. परतताना पाणी उतरू लागलं होतं, काठाची चिखलाची पट्टी नुकती उघडी पडली होती. काकांनी वल्हं उचलून धरलं. एक तुतवार शेपटी हलवत टिपत होता. आमची होडी सरकत पुढे गेली, पण त्याची मान काही वर झाली नाही.