रेघेचा रंग

खारघर स्थानकाच्या फलाटावर उभें राहिलें असतां दृष्टि सहजच सिग्नलाकडे जाते. तांबडा दिवा म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे सावधपणें चला, हिरवा म्हणजे मार्ग मोकळा. मोटरमनानें पुढची कृति करण्यापूर्वींच त्याला स्थिति कळावी, हें त्या रंगांचें प्रयोजन होय. संगणकावर लेखन करणारासही अशीच खूण किती उपयोगी पडते, हें आम्ही येथें सांगूं इच्छितों.

अमेरिकेंत बिल जॉय यांनीं १९७६ सालीं 'व्ही-आय' हा लेखन-संपादक रचिला. त्याच्या धर्तीवर ब्रॅम मोलेनार या डच गृहस्थांनीं १९९१ सालीं 'व्हिम' प्रसिद्ध केला. त्यांत एकच कळ दोन कामें करिते. लेखनाच्या अवस्थेंत 'डी' दाबिल्यास तें अक्षर उमटतें. आज्ञेच्या अवस्थेंत तीच कळ लागोपाठ दोनदां दाबिल्यास सबंध ओळ नाहींशी होते.

पांडवकड्याची वाट पावसांत चिखलाची होते, असें इंग्रजी वाक्य आम्ही एकदां लिहीत होतों. मध्येंच एक चूक सुधारण्यासाठीं आज्ञावस्थेंत गेलों, आणि परत यावयास विसरून 'मडी' हा शब्द लिहूं लागलों. एम व यू या कळांनीं केवळ एक खूण नोंदविली. पुढच्या दोन डींनीं मात्र ओळच पुसली! 'एस्केप' व त्यानंतर 'यू' दाबून ती परत मिळाली खरी. परंतु आपण कोणत्या अवस्थेंत आहोंत याचें भान सुटलें, तें कां?

पडद्याच्या तळाशीं 'इन्सर्ट' हा शब्द लेखनावस्थेंत दिसतो. तथापि लिहिणाराचे डोळे तळाशीं नसून चालू ओळीवर असतात. म्हणून खूण तेथेंच हवी. व्हिमच्या मांडणीच्या फायलींत 'कर्सरलाइन' सुरू केली म्हणजे चालू ओळीवर रंगाची पट्टी येते. 'इन्सर्ट-एंटर' या घटनेस तिला फिकट हिरवा रंग द्यावा, 'इन्सर्ट-लीव्ह' या घटनेस फिकट निळा. मजकूर निवडतांना व्हिम ही पट्टी स्वतःच आवरून घेतो, म्हणजे निवडलेला भाग स्पष्ट दिसतो.

रंग मंद असावेत, नाहीं तर अक्षरेंच बुडतील. ज्यांस रंगभेद नीट कळत नाहीं त्यांनीं एक पट्टी उजळ व दुसरी गडद ठेवावी.

विद्यार्थिमित्रांनो, कृतीपूर्वीं आपली स्थिति ओळखा. आणि पालकांस आमची विनंति अशी कीं, मूल चुकलें तर त्याच्या लक्षास दोष देण्यापूर्वीं, खूण त्याच्या दृष्टीसमोर होती काय, हें एकदां अवश्य पाहावें.