आर्थिक परिवर्तन आणि आपली राजकीय मूल्ये

समता, स्वातंत्र्य व बंधुता ही मूल्ये आपण दररोज उच्चारतो. परंतु मूल्ये केवळ उच्चाराने टिकत नसतात. माणूस पोट कसे भरतो यावर त्याची राजकीय मागणी पुष्कळशी ठरते. पोट भरण्याची रीत बदलली की मागणीही बदलते. आपल्या चळवळीचा इतिहास याची साक्ष आहे.

नागपूर भागात आपले पूर्वज हातमागावर जाडेभरडे कापड विणीत. गिरणीचे कापड आले आणि माग बसले. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. ज्याच्या हाती रोख मजुरी आली त्याला बलुत्यासाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागले नाही. स्वाभिमानाला आर्थिक पाया लागतो, तो असा.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकले. त्या देशाचा अनुभवही असाच आहे. आरंभी जेफरसनसारखे नेते स्वतःच्या जमिनीवर राबणाऱ्या शेतकऱ्याला लोकशाहीचा आधार मानीत. गुलामांना मात्र त्यात स्थान नव्हते. पुढे कारखाने वाढले. १९२९ नंतर महामंदीने लाखो लोक बेकार झाले, तेव्हा काम व वृद्धापकाळाची तरतूद ही सरकारची जबाबदारी आहे, हा विचार तेथे रुजला.

बाबासाहेबांनी १९१८ मध्येच दाखवून दिले होते की, शेतीवरील जादा माणसांना उद्योगात काम मिळाल्याशिवाय तुकड्यांच्या शेतीचा प्रश्न सुटणार नाही. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, तर १९३८ मध्ये मनमाडला ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे बजावले. १९४७ च्या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग, विमा व शेती राज्याच्या मालकीची असावी, अशी मागणी केली. ती संविधानात तशी आली नाही. म्हणूनच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी राजकीय समता व आर्थिक विषमता यांतील विसंगतीचा इशारा दिला.

१९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. सरकारी बँकांतील आरक्षणामुळेच आमच्यासारखे अनेक जण काउंटरच्या आत बसू शकले. १९९१ नंतर वारे फिरले. २००२ मध्ये एम्प्रेस मिल बंद पडली. आज मौद्यात मोठे औष्णिक वीज केंद्र उभे आहे. पण सगळीकडेच ठेकेदारी वाढली आहे, आणि ठेकेदाराच्या कामात आरक्षण लागू होत नाही.

येथे आम्हाला स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. एकदा कर्मचाऱ्यांच्या बैठकीत आम्ही बढती व थकबाकीवर दोन तास बोललो. पाणी आणून देणारा कंत्राटी मुलगा आपल्याच वस्तीतला होता. त्याला रोजी किती मिळते, हे आम्ही कोणीही विचारले नाही. पगार स्थिर झाला आणि आमचे मूल्य आमच्या नकळत आकसले!

तथागतांनी सम्यक आजीविका सांगितली. ती एकट्याची नव्हे. तेव्हा ज्यांना लिहिता-वाचता येते त्यांनी महिन्यातून एक रविवार कंत्राटी कामगार व रोवणीला जाणाऱ्या बायाबहिणींसाठी द्यावा. मजुरीची चिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब, बँकेचे पासबुक त्यांना वाचून दाखवावे. समतेचा धडा तेथूनच पुन्हा सुरू होईल.

जयभीम!