संभ्रम : एक दुर्लक्षित रोगलक्षण

वसई तालुक्यातील उमेळे हे नायगाव स्थानकानजीकचे, खाडी व मिठागरे यांच्या परिसरातील गाव. अशा भागात मिठागरावरून परतलेला एखादा कामकरी असंबद्ध बरळू लागला, किंवा घरातील आजीने पोटच्या मुलालाच ओळखले नाही, तर पहिला तर्क पुष्कळदा ‘बाहेरची बाधा’ अथवा ‘म्हातारचळ’ असा केला जातो. या तर्कातच उपचाराचा मोलाचा वेळ निघून जातो.

वेळ, स्थळ व माणसे यांचे भान अचानक हरपणे म्हणजे संभ्रमावस्था. हा स्वतंत्र रोग नसून शरीरातील बिघाडाचा परिणाम मेंदूवर होत असल्याचे ते लक्षण होय. उन्हाळ्यात उष्माघाताने शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास भान सुटते. पावसाळ्यात हिवताप मेंदूपर्यंत पोहोचल्यास किंवा लेप्टोस्पायरोसिस बळावल्यास तीच अवस्था संभवते. मधुमेही व्यक्तीने औषध घेऊन जेवण टाळल्यास रक्तातील साखर घटते. वृद्धांमध्ये मूत्रमार्गाचा संसर्ग, सोडियमची कमतरता किंवा झोपेच्या गोळ्या एवढेही कारण पुरते. अशा वेळी ताप असतोच असे नाही. याखेरीज पक्षाघात, डोक्यास मार, कीटकनाशकाची विषबाधा आणि नित्याची दारू एकाएकी बंद होणे हीही कारणे आढळतात.

महिनोन्‌महिने हळूहळू वाढणारा विसराळूपणा निराळा. तो स्मृतिभ्रंश असू शकतो. तथापि तेथेही थायरॉइड व ब-१२ जीवनसत्त्वाची तपासणी आवश्यक ठरते, कारण त्यांची उणीव भरून काढता येते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची प्रकृती एकाएकी बिघडल्यास नवा आजार उद्भवला असे समजावे.

अशा प्रसंगी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. लक्षणे केव्हा सुरू झाली ती वेळ आणि चालू औषधे डॉक्टरांना सांगावीत. मधुमेही शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर साखरपाणी द्यावे. बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालू नये. उष्माघातात रुग्णास सावलीत नेऊन अंग ओले करावे व वारा घालावा. भूत उतरविण्याच्या नावाखाली रुग्णास बांधणे वा मारहाण करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे.

गावात शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या शब्दाला मान असतो. ‘आधी दवाखाना’ हा त्यांचा एक शब्द वेळेवर पडल्यास एखादे घर दुःखातून वाचेल.