परदेशी खात्यात अडकलेले हिशेब

प्रश्न : हिंगणघाटला आमची जिनिंग आहे. ईमेल, बिलं, हिशेब सगळं एकाच परदेशी कंपनीकडे. निर्बंधांमुळे हे बंद पडू शकतं का?

उत्तर : तुमच्यावर थेट निर्बंध येण्याची शक्यता नगण्य. पण जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघानं रशियन भागीदारीच्या नायरा एनर्जी या भारतीय तेल कंपनीवर निर्बंध लादले आणि मायक्रोसॉफ्टनं तिला दिलेल्या सेवा थांबवल्या. भारतीय कायदा मोडलेला नसतानाही! कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, सेवा सुरू झाल्या. तुम्हाला एवढी कोर्टकचेरी परवडेल? म्हणून डोमेन स्वतःच्या नावावर घ्या, म्हणजे ईमेल सेवा बदलली तरी पत्ता तोच राहील. नायरानं तेव्हा रेडिफची ईमेल सेवा घेतली होती. हिशेबाची प्रत दर आठवड्याला हार्ड डिस्कवर काढा. ऐन कापसाच्या हंगामात तर रोज. बँकेचे ओटीपी मात्र मोबाइलवरच येऊ द्या.