संगणकाची नाडीपरीक्षा

वैद्य औषध देण्यापूर्वी रोग्याची नाडी पाहतो. घरचा संगणक मंद झाला की आपण मात्र थेट दुकान गाठतो. नव्या यंत्राची किंमत ही विद्यार्थ्याच्या घरी लहान बाब नव्हे. म्हणून खर्चापूर्वी दोन आकडे पाहावेत : यंत्र किती काळ अखंड चालू आहे आणि त्याच्या प्रोसेसरचा वेग किती आहे. हे आकडे यंत्र स्वतःच सांगते. त्यांचा अर्थ मात्र आपणच लावायचा असतो.

विंडोज प्रणालीत कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली असता ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यातील ‘परफॉर्मन्स’ विभागात ‘सीपीयू’ निवडल्यास ‘अप टाइम’ व ‘स्पीड’ हे दोन्ही आकडे दिसतात. लिनक्स प्रणालीत ‘अपटाइम’ ही आज्ञा रोमन लिपीत टंकित केल्यास पहिला आकडा मिळतो.

पहिल्या आकड्याने पुष्कळजण चकित होतात. रोज रात्री संगणक बंद करूनही अप टाइम वीस दिवसांचा दिसतो! याचे कारण असे : २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आहे. ती चालू असली तर ‘शट डाउन’ करताना प्रणालीचा गाभा पूर्णपणे मिटत नाही. त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते व सकाळी तीच पुन्हा उचलली जाते. खरा नवा आरंभ ‘रीस्टार्ट’ केल्यानेच होतो.

अखंड चालण्याने लहान चुका साचत जातात. याचे दारुण उदाहरण सौदी अरेबियातील धाहरान येथे २५ फेब्रुवारी १९९१ रोजी घडले. तेथील अमेरिकन पॅट्रियट क्षेपणास्त्रयंत्रणेचा संगणक सुमारे शंभर तास सलग चालू होता. कालगणनेतील अतिसूक्ष्म चूक वाढत वाढत सेकंदाच्या एक-तृतीयांशापर्यंत गेली. येणारे स्कड क्षेपणास्त्र अडवले गेले नाही आणि २८ सैनिक प्राणास मुकले. सुधारलेला प्रोग्रॅम तेथे पोहोचला तो दुसऱ्या दिवशी!

आता वेगाकडे वळू. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक अब्ज ठोके. हा वेग स्थिर नसतो. काम नसताना प्रोसेसर वीज वाचवण्यासाठी मंदावतो, काम पडले की ‘बेस स्पीड’च्याही वर जातो आणि फार तापला की स्वतःला आवरतो. म्हणून रिकाम्या यंत्राचा आकडा पाहून निष्कर्ष काढू नये. तसेच केवळ गिगाहर्ट्झवरून दोन यंत्रांची तुलना करू नये. २००४ मधील पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला होता. पण आजचे कमी गिगाहर्ट्झचे प्रोसेसरही त्याहून अधिक काम करतात, कारण ते प्रत्येक ठोक्यात अधिक काम उरकतात व त्यांत अनेक गाभे असतात.

तेव्हा क्रम असा ठेवावा. प्रथम रीस्टार्ट करून अप टाइम शून्यापासून सुरू झाला का ते पाहावे. मग लॅपटॉप असल्यास चार्जर जोडून, एखादे जड काम दहा मिनिटे चालवावे व वेग पाहत राहावे. तो बेस स्पीडच्या बराच खाली राहत असेल, तर पंख्यातील धूळ, उष्णता किंवा वीजबचतीची मांडणी तपासावी. वेग ठीक असूनही यंत्र रखडत असेल, तर दोष मेमरीत वा डिस्कमध्ये शोधावा. नाडी पाहून मगच औषध, हा जुना दंडक येथेही हिताचाच आहे.