दिल्ली पूर्ण राज्य झाली तर घरखर्चात काय बदलेल?

दिल्लीत निवडणूक आली की पूर्ण राज्याच्या दर्जाचा विषय निघतोच. भाजप, काँग्रेस आणि आप या तिन्ही पक्षांनी वेगवेगळ्या काळी ही मागणी केली आहे. ऑगस्ट २००३ मध्ये लालकृष्ण अडवाणी यांनी तसे विधेयकही लोकसभेत मांडले, पण ते मंजूर न होताच बाद झाले. या सगळ्यात सामान्य कुटुंबाच्या मनातला प्रश्न मागे पडतो. राज्य झाले तर आमच्या खिशातून किती जाईल आणि आमच्या हाती काय येईल? पहाडगंज, करोलबाग, पश्चिम विहार किंवा द्वारकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा हिशेब घरबसल्या करता यावा, म्हणून ही मांडणी.

आज कोणाच्या हाती काय आहे?

१९९१ च्या ६९व्या घटनादुरुस्तीने दिल्लीला विधानसभा मिळाली. त्यानंतरची पहिली निवडणूक १९९३ मध्ये ७० जागांसाठी झाली. मात्र पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि जमीन हे तीन विषय केंद्राकडे राहिले. अधिकाऱ्यांच्या बदल्या-नेमणुकांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी दिल्ली सरकारला दिला, पण आठ दिवसांतच केंद्राने तो फिरवणारा अध्यादेश काढला आणि ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला.

म्हणून तक्रार कुठे करायची हे आधी ओळखावे. पोलीस ठाण्याचा कारभार केंद्रीय गृहमंत्रालयाच्या हाताखाली चालतो. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या (डीडीए) घराचा किंवा भूखंडाचा प्रश्न केंद्राच्या नगरविकास खात्याकडे जातो. वीज, पाणी, शाळा आणि दवाखाने बहुतांशी दिल्ली सरकारकडे आहेत. घरपट्टी आणि कचरा महापालिकेकडे, तर कॅनॉट प्लेस आणि ल्युटेन्स भाग नवी दिल्ली नगरपालिका परिषदेकडे आहे.

वाढणारा खर्च

सर्वांत मोठा आकडा पोलिसांचा. दिल्ली पोलिसांवर केंद्र वर्षाला साधारण १२ हजार कोटी रुपये खर्च करते. दिल्ली सरकारचा २०२५-२६ चा संपूर्ण अर्थसंकल्प १ लाख कोटींचा होता. म्हणजे पोलीस राज्याकडे आले तर तिजोरीवर सुमारे १२ टक्क्यांचा नवा भार पडेल. लोकसंख्या ढोबळमानाने दोन कोटी धरली तर माणशी वर्षाला ६ हजार रुपये होतात. चौघांच्या कुटुंबामागे महिन्याला ते २ हजार होतात.

दुसरी बाब निवृत्तिवेतनाची. दिल्ली सरकारच्या कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवेतन आज केंद्र देते. पूर्ण राज्याला ते स्वतः द्यावे लागेल. हा खर्च दरवर्षी वाढतच जातो, त्यामुळे खालच्या हिशेबात तो वेगळा लक्षात ठेवावा.

येणारे उत्पन्न

राज्यांना केंद्रीय करांच्या वाटपपात्र रकमेतला ४१ टक्के हिस्सा वित्त आयोगाच्या सूत्राने मिळतो. दिल्ली राज्य नसल्यामुळे या वाटपात बसत नाही. त्याऐवजी मिळणारे अनुदान २००१-०२ पासून वर्षानुवर्षे ३२५ कोटींवरच गोठलेले होते.

राज्य झाल्यावर किती मिळेल, याचा अंदाज इतर राज्यांवरून घ्यावा. पंधराव्या वित्त आयोगाच्या सूत्रात गोव्याचा वाटा ०.३८६ टक्के होता आणि हरियाणाचा १.०९३ टक्के. या सूत्रात ४५ टक्के भार दरडोई उत्पन्नातल्या फरकाला होता. जितके राज्य श्रीमंत, तितका वाटा कमी. दिल्लीचे दरडोई उत्पन्न देशात वरच्या रांगेत आहे आणि क्षेत्रफळ जेमतेम १,४८३ चौरस किलोमीटर. त्यामुळे दिल्लीचा वाटा गोवा आणि हरियाणा यांच्या दरम्यान कुठेतरी असेल, असे धरून चालणे सुरक्षित.

आता बेरीज-वजाबाकी करू. २०२४-२५ मध्ये सर्व राज्यांना मिळून सुमारे साडेबारा लाख कोटी वाटायचे होते. गोव्याएवढा वाटा मिळाला तर दिल्लीला सुमारे ४,८०० कोटी येतील आणि पोलिसांचेच ७,२०० कोटी कमी पडतील. चौघांच्या घरामागे ही तूट महिन्याला साधारण १,२०० रुपयांची. हरियाणाएवढा वाटा मिळाला तर सुमारे साडेतेरा हजार कोटी येतील, म्हणजे पोलिसांचा खर्च भागून थोडे उरेल. निवृत्तिवेतन यात धरलेले नाही. ही तूट कोणी बिल म्हणून घरी पाठवणार नाही. ती भरताना सवलती कमी होतील, मुद्रांक शुल्क किंवा वाहनकर वाढेल, किंवा कर्ज काढले जाईल.

दुसरे संभाव्य उत्पन्न जमिनीचे. डीडीएकडच्या मोकळ्या जमिनीचा ताबा राज्याकडे आला, तर शाळा, दवाखाने आणि बस आगारांसाठी जागा मिळवताना केंद्राच्या दारात थांबावे लागणार नाही. या लाभाची किंमत रुपयांत काढणे अवघड आहे, पण दिल्लीकराच्या रोजच्या जगण्यात तो मोठा आहे.

न बदलणाऱ्या गोष्टी

आयकर आणि जीएसटीचे दर दर्जामुळे बदलत नाहीत. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा घरभाडे भत्ता शहराच्या वर्गावर ठरतो, राज्याच्या दर्जावर नाही. २०० युनिटपर्यंतच्या विजेची आणि महिन्याला २० हजार लिटर पाण्याची सवलत आजच्या अधिकारांतच दिलेली आहे, त्यामुळे ती ठेवायची की काढायची हे तिजोरी ठरवेल. यमुनेच्या पाण्याची वाटणी चार राज्ये आणि दिल्ली यांच्यातल्या १९९४ च्या कराराने ठरली आहे. दर्जा बदलला म्हणून हरियाणातून एक थेंबही जास्त येणार नाही.

नोएडा किंवा गुरुग्राममध्ये राहत असाल तर तुमची वीज, पाणी, पोलीस आणि मुद्रांक शुल्क उत्तर प्रदेश किंवा हरियाणाच्याच हाती राहील. मुलांच्या प्रवेशातही फरक पडणार नाही. इंद्रप्रस्थ विद्यापीठातला ८५ टक्के दिल्ली कोटा आजही आहे.

स्कॉटलंडने काय शिकवले

असाच माणशी हिशेब स्कॉटलंडमध्येही मांडला गेला होता. १८ सप्टेंबर २०१४ रोजी तिथे स्वातंत्र्यावर सार्वमत झाले. ८४.६ टक्के लोकांनी मतदान केले आणि ५५.३ टक्के मते विरोधात पडली. त्याआधी २८ मे रोजी दोन सरकारांनी एकाच दिवशी आपापले आकडे जाहीर केले. लंडनच्या अर्थखात्याने ब्रिटनमध्ये राहिलात तर माणशी वर्षाला १,४०० पौंडांचा लाभ सांगितला. एडिंबराच्या सरकारने स्वतंत्र झालात तर पंधरा वर्षांत माणशी वर्षाला १,००० पौंडांचा लाभ सांगितला. दोन्ही आकडे गृहीतकांवर उभे होते. म्हणून कोणी आकडा सांगितला की त्यामागचे गृहीतक आधी विचारावे.

स्कॉटिश माणसाला निदान मत देता आले. गोमंतकीयांनाही १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे हे ठरवता आले. त्यांनी वेगळे राहणे निवडले आणि ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले. दिल्लीसाठी मात्र निर्णय संसदेचा आहे. त्यामुळे तुमचे बळ म्हणजे दिल्लीतून निवडून जाणारे सात खासदार.

उमेदवाराला विचारायचे पाच प्रश्न

१. पोलिसांचा खर्च पहिली दहा वर्षे कोण उचलेल, हे कायद्यात लिहिणार का?
२. आधीच्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाची जबाबदारी केंद्राकडेच राहणार का?
३. वित्त आयोगाकडून किती वाटा धरला आहे आणि कोणत्या सूत्राने?
४. संसद, दूतावास आणि नवी दिल्ली परिषदेचा भाग केंद्राकडे ठेवणार का? पूर्ण राज्याच्या विधेयकाच्या २०१६ च्या मसुद्यात दिल्ली सरकारनेच तसे सुचवले होते.
५. डीडीएची जमीन आणि तिची देणी कोणाकडे जातील?

आमचे मत स्पष्ट आहे. ज्याला मत देतो त्यालाच पोलीस आणि जमिनीबद्दल जाब विचारता यावा, हा दिल्लीकराचा न्याय्य हक्क आहे. नवी दिल्लीचा भाग वगळून उरलेल्या दिल्लीला राज्याचा दर्जा मिळावा. पण पोलीस आणि निवृत्तिवेतनाचा खर्च कोण देणार हे विधेयकात लिहिलेले नसेल, तर त्या मागणीला पाठिंबा देऊ नका. पुढच्या निवडणुकीत दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराकडून या पाच प्रश्नांची लेखी उत्तरे मागा.