राघोबादादांचे विलायतेतील वकील

कॉलेजला येताना गंगापूर रस्त्यावर रोज आनंदवल्ली लागते. राघोबादादांचा वाडा तेथे होता, एवढेच मला ठाऊक होते. त्यांचा इंग्रजांशी झालेला व्यवहार अभ्यासल्यावर मात्र त्या गावाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली.

१७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला. दादा पेशवे झाले. पण बारभाईंनी त्यांना टिकू दिले नाही. ६ मार्च १७७५ रोजी त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला. अडीच हजार फौजेच्या मोबदल्यात साष्टी व वसई द्यावयाची होती. तथापि १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टाने मुंबईवर कलकत्त्याची देखरेख आली होती. कलकत्तेकरांनी हा तह अमान्य करून १७७६ मध्ये पुणे दरबाराशी पुरंदरचा तह केला. सही करणाऱ्यास तसा अधिकार आहे काय, हा राजनीतीतला पहिला प्रश्न दादांनी विचारला नसावा.

पुढे विलायतेत दाद मागण्यासाठी हणमंतराव व मणियार पारशी हे वकील गेले. १७८१ मध्ये एडमंड बर्क यांनी बीकन्सफील्ड येथील आपल्या बागेतले काचगृह त्यांना सोवळ्यातील स्वयंपाकासाठी व पूजेसाठी मोकळे करून दिले. आदरातिथ्य झाले, राजकारण साधले नाही. १७८२ च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांनी दादांचा पक्ष सोडला. साष्टी मात्र सोडली नाही. पुढच्याच वर्षी कोपरगावी दादांचा अंत झाला.

घरचे भांडण परक्याच्या चावडीवर नेले म्हणजे निकाल कोणाचाही लागो, जमीन चावडीवाल्याची होते. आनंदवल्ली मला रोज हाच धडा देते.